फ्लॅट-टॉप बीम शेपर मागवण्याआधी: बीमचा व्यास मोजून कळवा

फ्लॅट-टॉप बीम शेपर म्हणजे मधे उजळ आणि कडेकडे मंद होत जाणाऱ्या (गाऊसियन) लेसर बीमचा सगळीकडे सारखा उजळ, म्हणजे सपाट, ठिपका करणारी काच. "शेपर बसवला, पण ठिपका सपाट येत नाही, मध्यभागीच उजेड जास्त आहे." नाहीतर, "कडेने उजळ कडं दिसतंय." आमच्याकडे सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या या दोन. शेपर परत येतो, आम्ही तो तपासतो, बहुतेक वेळा तो ठीक निघतो आणि पुन्हा आपल्याकडे जातो. तोवर आपला प्रयोग अडून बसलेला असतो. खरी अडचण शेपरच्या आधीच असते: आत शिरणाऱ्या बीमचा व्यास आणि ऑर्डरमध्ये लिहिलेला व्यास जुळत नाहीत.

लेसर, फिल्टर, फ्लुओरेसन्स (प्रकाश पडल्यावर रंगद्रव्याने स्वतः उजळणं) ही आपली रोजची कामं, त्यामुळे मुळापासून सांगत बसत नाही. शेपरचं एवढंच ध्यानात घ्यावं, की कोणत्या त्रिज्येवरचा प्रकाश कुठे न्यायचा हे काचेच्या पृष्ठभागाच्या आकारातच पक्कं झालेलं असतं. आपला बीम लहान-मोठा झाला म्हणून पृष्ठभाग बदलत नाही. बीम ठरल्यापेक्षा १० टक्के मोठा असेल, तर सपाट भागाच्या कडेजवळ तीव्रता मध्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते. १० टक्के लहान असेल, तर कडेजवळ ती मध्याच्या ६३ टक्क्यांवर उतरते. ५ टक्क्यांच्या चुकीलाही कडेजवळ २० टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. इतका फरक कोणत्याही कॅमेऱ्यावर सहज दिसतो, आणि म्हणूनच "शेपर खराब आहे" असं वाटतं.

आपल्याकडे नेमकं काय झालंय, ते ठिपक्यावरूनच ओळखता येतं. आधी कॅमेरा शेपरपासूनच्या ठरलेल्या कार्य-अंतरावरच आहे ना ते पाहा, कारण सपाटपणा त्याच प्रतलात असतो. पुढे-मागे झालं की घुमट (मधे जास्त उजेड) किंवा कडं दिसणारच. अंतर बरोबर असूनही चारी बाजूंनी सारखा घुमट दिसला तर बीम लहान आहे, सारखं कडं दिसलं तर मोठा. एकच बाजू उजळ असेल तर व्यासाला दोष देऊ नका, बीम शेपरच्या मध्यातून जात नाहीये. ते अलाइनमेंटचं काम आहे आणि माउंटच्या दोन स्क्रूंवर भागतं.

व्यासाचा आकडा चुकतो कुठे?

सर्वांत जास्त चुकतो तो डेटाशीटवरून उतरवल्यामुळे. डेटाशीटमधला व्यास लेसरच्या तोंडाशी असतो, आपला शेपर मात्र दोन-तीन आरसे ओलांडून पुढे बसलेला असतो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा बीम तोंडाशी ०.८ मिमी असेल आणि तीच त्याची सर्वांत अरुंद जागा असेल, तर एक मीटर पुढे तो जवळपास १.१६ मिमी होतो. उत्तम लेसरचंही हेच होतं. हे विवर्तन (प्रकाशाचं आपोआप पसरत जाणं) आहे, लेसरचा दोष नव्हे.

दुसरा घोळ व्याख्येचा. आमचे सगळे आकडे तीव्रता शिखराच्या १३.५ टक्क्यांवर येते त्या रुंदीचे असतात. बऱ्याच कॅमेऱ्यांची सॉफ्टवेअर अर्ध्या उंचीवरची रुंदीही दाखवतात. गाऊसियन बीमसाठी पहिली रुंदी दुसरीच्या १.७ पट असते. नुसतं "व्यास १.२ मिमी" असं लिहून आलं, तर त्यातून दोन अगदी वेगळे शेपर निघू शकतात.

तिसरं कारण कॅमेऱ्याचं. पिक्सेल सॅच्युरेट झाले की शिखर कापलं जातं आणि बीम फुगलेला दिसतो. एनडी फिल्टर (उजेड मंद करणारी काच) लावा आणि शिखर कॅमेऱ्याच्या मर्यादेच्या बरंच खाली ठेवा. कागदावर ठिपका पाडून पट्टीने घेतलेलं माप कृपया पाठवूच नका. डोळ्याला कड कुठे संपते ते कळत नाही.

कॅमेरा नसला तरी अडत नाही. ट्रान्सलेशन स्टेजवर ब्लेड बसवा, मागे पॉवर मीटर ठेवा आणि ब्लेड सावकाश बीममध्ये सरकवा. मीटरचं वाचन ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येईपर्यंत ब्लेड जितकं सरकलं, ते अंतर गुणिले १.५६ म्हणजे आपला व्यास. आडवं आणि उभं, दोन्ही मोजा. डायोड लेसरचा बीम बहुधा लंबगोल असतो, तो आधी गोल करावा लागतो. मोजमाप शेपर बसणार त्याच जागी, लेसर पुरेसा तापल्यावर आणि नेहमीच्या पॉवरवर घ्या.

आम्ही आकड्यासाठी का थांबतो

मोजलेला व्यास हाती आल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. त्यामुळे उशीर होतो असं काहींना वाटतं. पण घडवलेला पृष्ठभाग नंतर बदलता येत नाही, आणि फ्लुओरेसन्सच्या कामात चुकीच्या शेपरची किंमत मोठी असते. गाऊसियन प्रकाशात मधला रंगद्रव्याचा भाग आधी विटतो आणि कडेचा नंतर. संदर्भ-प्रतिमेने (एकसारख्या नमुन्याच्या प्रतिमेने) भागून पहिल्या क्षणाची असमानता निघून जाते, पण विटण्याचा वेग जागोजागी वेगळा असल्यामुळे पुढच्या प्रत्येक प्रतिमेत चूक वाढत जाते. आयनांची किंवा ऑक्सिजनची संहती मोजणाऱ्यांना मग खरा बदल कोणता आणि विटणं कोणतं हे ठरवता येत नाही. सपाट प्रकाशाचं खरं मोल इथे आहे, म्हणून त्यात तडजोड करणं आम्हाला पटत नाही.

ज्यांच्या प्रयोगशाळेत एकाच टेबलावर लेसर बदलत असतात, त्यांनी शेपरआधी बदलत्या विशालनाचा बीम एक्स्पांडर ठेवावा, म्हणजे प्रत्येक बीम ठरलेल्या व्यासाला आणता येतो. आमच्याकडे तो मिळतो. आपल्याकडे चांगला असेल तर तोच वापरा, नवीन घेण्याचं कारण नाही. एम-स्क्वेअर (बीम आदर्श गाऊसियनपासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा, आदर्शासाठी १) १.५ च्या वर असेल तर मात्र आम्ही हा शेपर विकत नाही, मायक्रोलेन्सचा होमोजिनायझर (छोट्या भिंगांनी उजेड मिसळून सारखा करणारा) सुचवतो.

सोलिटॉनवर (न पसरता पुढे जाणाऱ्या प्रकाशावर) काम करणारेही अधूनमधून विचारतात, की "न पसरणारा बीम" देणारा शेपर आहे का. सोलिटॉन घडतो तो माध्यमात, जिथे प्रकाशाने बदललेला अपवर्तनांक विवर्तनाला तोलून धरतो. साध्या केर माध्यमात (जिथे अपवर्तनांक तीव्रतेच्या प्रमाणात बदलतो) गोल बीम तसा टिकत नाही: पॉवर कमी पडली तर पसरतो, जास्त झाली तर कोसळतो. म्हणून फोटोरिफ्रॅक्टिव्ह स्फटिक (प्रकाशाने ज्याचा अपवर्तनांक बदलतो असा) किंवा पातळ वेव्हगाइड (प्रकाश एका थरात धरून ठेवणारी पट्टी) घेतात. तिथे आम्ही देतो ती बीम अरुंद करून स्फटिकाच्या तोंडावर नेमकी आणून ठेवणारी प्रकाशिकी. तिलाही हाच मोजलेला व्यास लागतो.

ऑर्डर देताना तरंगलांबी, दोन्ही दिशांचा व्यास, तो कोणत्या पद्धतीने आणि लेसरपासून किती अंतरावर मोजला, एम-स्क्वेअर, हवा असलेला ठिपका आणि कार्य-अंतर एवढं लिहा. प्रत्येक शेपरसोबत ठरलेल्या व्यासावर आम्ही घेतलेली ठिपक्याची प्रतिमा येते, ती जपून ठेवा. पुढे शंका आली तर तिच्याशी ताडून पाहता येईल. गणित करायला वेळ नसेल तर कॅमेऱ्याची मूळ फाइल, काहीही न बदलता, एका पिक्सेलच्या मापासह पाठवा. व्यास आम्ही काढून देतो, त्याचं वेगळं शुल्क घेत नाही.