जळगावच्या विमानात बंदूकवाला बसवायचा का?

भुसावळ जंक्शनवर रात्रीची गाडी लागली की खांद्याला बंदूक अडकवलेला आरपीएफचा जवान डब्यातून एक फेरी मारून जातो. तो दिसला की माणसं निर्धास्त कूस बदलतात. हीच माणसं जळगावहून पहिल्यांदा विमानात बसली की पहिला प्रश्न येतो, "विमानमा बंदूकवाला ऱ्हास का?" असतो. पण मोजक्या विमानांत, साध्या कपड्यांत, आणि शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ कंदाहारला पळवून नेलं गेलं. त्यानंतर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे, म्हणजे एनएसजीचे, कमांडो अशा कामासाठी विमानांत बसू लागले. त्यांना स्काय मार्शल म्हणतात. मग प्रत्येक विमानात एक का नाही?

नको म्हणणारे बहुतेक जण गोळीच्या भोकाची भीती घालतात. गोळी सुटली, पत्र्याला भोक पडलं की विमान फुग्यासारखं फुटणार आणि माणसं बाहेर खेचली जाणार, असं. रक्षक नको असण्याची कारणं वेगळी आहेत. हे कारण साध्या गणितात टिकत नाही.

३५,००० फुटांवर बाहेरचा दाब सुमारे २४ किलोपास्कल असतो. केबिनमध्ये तो ७५ च्या आसपास राखलेला असतो, म्हणजे तोरणमाळच्या दुप्पट उंचीवर गेल्यासारखा. आता पत्र्याला ९ मिलिमीटरचं भोक पडलं असं धरा. दाबात एवढा फरक असला की भोकातली हवा ध्वनीच्या वेगाने बाहेर पडते. बाहेर आणखी पोकळी केली तरी त्या भोकातून जाणारी हवा वाढत नाही. हिशेब केला तर सेकंदाला साधारण १० ग्रॅम हवा निसटते. विमानाच्या नियमानुसार प्रत्येक माणसामागे मिनिटाला पाव किलो ताजी हवा आत यावी लागते, म्हणजे सेकंदाला चार ग्रॅमच्या वर. एका गोळीच्या भोकातून जाते ती जेमतेम अडीच प्रवाशांच्या वाट्याची हवा. १८० जणांच्या विमानात सेकंदाला पाऊण किलो हवा सतत आत येत असते आणि शेपटीकडच्या एका झडपेतून तितकीच बाहेर सोडली जात असते. गच्चीवरच्या टाकीत वरून नळ चालू आहे, खालची तोटी अर्धी उघडी आहे, आणि टाकीला टाचणीएवढं भोक पडलं, तर तोटी किंचित आवळली की पातळी तशीच राहते. ती झडप हेच करते, तेही आपोआप.

खिडकीचं मात्र तसं नाही. ती अख्खी गेली तर भोक शेकडो पटींनी मोठं होतं. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत इंजिनाचा तुकडा लागून बोइंग ७३७ ची खिडकी फुटली आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. तरीही विमान सुखरूप उतरलं. त्याआधी १९८८ मध्ये हवाई बेटांवर एका जुन्या ७३७ च्या छताचा साडेपाच मीटरचा पत्रा उडून गेला होता. त्यात एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला, पण विमान धावपट्टीवर आलं.

प्रवासी विमानाला आतून गोळी लागल्याचं उदाहरणही आहे, आणि ती सुटली वैमानिकाच्याच पिस्तुलातून. अमेरिकेत काही वैमानिकांना प्रशिक्षण देऊन कॉकपिटमध्ये पिस्तूल बाळगू देतात. २२ मार्च २००८ रोजी शार्लटला उतरण्याच्या तयारीत असलेल्या विमानात ते ठेवताना सुटलं. त्या पिस्तुलाच्या म्यानाला बाहेरून एक भोक होतं, त्यातून कुलपाचा दांडा ट्रिगरच्या कड्यातून घालायचा असे. पिस्तूल म्यानात पुरतं बसलेलं नसेल तर तोच दांडा ट्रिगरच्या पुढ्यात यायचा आणि कुलूप दाबलं की चाप ओढला जायचा. गोळी डावीकडच्या भिंतीतून बाहेर गेली. विमान तेव्हा बरंच खाली आलेलं होतं, त्यामुळे दाबातला फरकही कमी होता, आणि कुणाला इजा झाली नाही. सुरक्षेसाठी लावलेल्या कुलपानेच गोळी झाडावी, यावर वेगळं काय बोलायचं!

गोळीचा खरा धोका माणसांना असतो. एअरबस ३२० किंवा ७३७ मधली मधली वाट जेमतेम अर्धा मीटर रुंद असते. दोन रांगांतलं अंतर ७५ सेंटिमीटरच्या आसपास. पळवणारा पुढे उभा असेल तर त्याच्या मागे, बाजूला आणि खाली वाकलेली अशी दहा-बारा डोकी असतात. साधी गोळी एका शरीरातून पार होऊन दुसऱ्यात शिरते. म्हणून धातूची भुकटी दाबून बनवलेल्या, कठीण वस्तूवर आदळताच भुगा होणाऱ्या गोळ्याही निघाल्या. त्यांनी गोळी पार जाण्याचा धोका घटतो. नेम चुकण्याचा धोका होता तेवढाच राहतो. हवेतल्या धक्क्यांत, किंकाळ्यांत आणि उभ्या राहिलेल्या प्रवाशांमधून नेम धरायचा असतो.

रक्षकाची दुसरी पंचाईत नेम धरण्याआधीच सुरू होते. विमानात पहिला आरडाओरडा झाला की त्याने उठायचं का? पळवणारे चार असतील तर एकजण मुद्दाम गोंधळ घालतो आणि बाकीचे तिघे कोण उठतं ते बसल्या जागेवरून पाहतात. रक्षक उठला की तो उघडा पडतो, आणि त्याच्याजवळची बंदूक हे विमानातलं सगळ्यात कामाचं हत्यार त्यांना आयतं सापडतं. म्हणून हे रक्षक शक्यतो एकटे नसतात, एकाने उठायचं आणि दुसऱ्याने बसून राहायचं असं ठरलेलं असतं, आणि प्रवाशांच्या साध्या भांडणात ते पडत नाहीत. दारू पिऊन शेजाऱ्याशी हुज्जत घालणाऱ्याला आवरणं केबिन क्रूचं काम. त्यांच्याजवळ हात बांधायचे प्लास्टिकचे पट्टे असतात, आणि भारतात अशा प्रवाशावर गुन्ह्याच्या पातळीनुसार तीन महिन्यांपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत किंवा किमान दोन वर्षांची उड्डाणबंदी येते. विमानात शस्त्रधारी किती आणि ते कुठल्या सीटवर, हे कप्तानाला मात्र आधी सांगावंच लागतं; तसा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

रक्षक उपयोगी पडल्याचा दाखला इस्रायलचा देतात. ६ सप्टेंबर १९७० रोजी एल अलच्या विमानात दोघे हत्यारं घेऊन उठले. कप्तानाने विमानाला एकदम खाली सूर मारायला लावला, उभे असलेले पळवणारे तोल जाऊन पडले, आणि एकाला गोळी लागली, त्याची साथीदार बाई पकडली गेली. यात बंदुकीइतकाच वाटा त्या सूर मारण्याचा होता. पट्टा बांधून बसलेला माणूस जागेवर राहतो, उभा असलेला तरंगतो.

उलटा दाखला फारसा कुणी सांगत नाही. २५ डिसेंबर १९८६ रोजी बगदादहून अम्मानला निघालेल्या इराकी बोइंग ७३७ मध्ये सशस्त्र रक्षक होते. त्यांनी पळवणाऱ्यांना अडवलं, झटापटीत केबिनमध्ये हातबॉम्ब फुटला, नंतर कॉकपिटमध्ये आणखी एक. विमान सौदी अरेबियात अरारजवळ कोसळलं आणि ६३ जण मेले. रक्षक हजर होते, भिडलेही. पण त्या काळचं कॉकपिटचं दार साधं होतं.

११ सप्टेंबर २००१ नंतर बदललं ते हे दार. १ नोव्हेंबर २००३ पासून साठहून जास्त प्रवासी नेणाऱ्या विमानांना गोळी आणि बॉम्बचे तुकडे झेलणारं, धक्क्याने न तुटणारं दार लागतं. अमेरिकी कसोटी अशी, की दाराने ३०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे. ८० किलोचा माणूस ताशी १० किलोमीटरच्या वेगाने खांदा देऊन आदळला तर एवढा आघात होतो. शिवाय मुठीवर सुमारे ११३ किलो वजनाइतकी ओढ सहन झाली पाहिजे. आणि हे पोलादी हट्ट धरून बसलेलं दार एका बाबतीत मात्र नरम असावं लागतं. केबिन किंवा कॉकपिट यांपैकी एकीकडचा दाब अचानक गेला तर दोन्हीकडचा दाब लगेच सारखा व्हायला हवा, नाहीतर मधली भिंतच वाकते. त्यासाठी दारात दाबाच्या फरकाने आपोआप उघडणाऱ्या झडपा असतात.

बाहेर अंकांची पाटी असते. आपत्कालीन आकडे दाबले की ठरावीक वेळ थांबून दार उघडतं, पण आतल्या वैमानिकाला ते नाकारता येतं. हीच सोय २४ मार्च २०१५ रोजी जीवघेणी ठरली. जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने कप्तान बाहेर गेल्यावर दार आतून बंद ठेवलं आणि विमान आल्प्समध्ये घातलं. १५० जण गेले. दार कितीही भक्कम असलं तरी आत कोण बसलंय, यावर त्याचा इलाज नाही. त्या वेळी केबिनमध्ये सशस्त्र रक्षक असता तरी तोही दाराबाहेरच उभा राहिला असता.

आता पैशांचा हिशेब. मार्क स्टुअर्ट आणि जॉन म्युलर या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकेच्या खर्चाचा अभ्यास केला. त्यात एक जीव वाचवण्यामागे कॉकपिटच्या दारांचा खर्च सुमारे ८ लाख डॉलर निघाला, तर मार्शलचा सुमारे १८ कोटी डॉलर. का, ते कागदावर सहज पाहता येतं. समजा शंभर प्रयत्नांपैकी नव्वद दारच अडवतं. हे आकडे केवळ उदाहरणाचे. उरले दहा. मार्शल शंभरातल्या पाच विमानांत असेल आणि कधीच चुकत नसेल, तरी त्या दहांपैकी त्याच्या वाट्याला येतो अर्धा. दार नव्वदऐवजी एक्क्याण्णव अडवेल एवढं सुधारलं तरी फायदा त्याच्या दुप्पट. उरते जरब, कोणत्या विमानात रक्षक आहे हे ठाऊक नसल्याची. तिला किंमत आहे. पण ती जरब मिळते रक्षक थोडे आणि अदृश्य असल्यामुळे; प्रत्येक विमानात बसवायला गेलं तर देशातल्या रोजच्या सुमारे तीन हजार उड्डाणांसाठी, जोडीने, पाळ्या आणि रजा धरून, काही हजार कसलेले नेमबाज लागतील. आणि शंभर चांगल्या नेमबाजांत शेवटचे दहा जसे निघतात, तशा माणसाच्या हातात केबिनमधली बंदूक द्यावी लागेल. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका मार्शलने भरलेलं पिस्तूल विमानाच्या शौचालयात विसरलं आणि ते एका प्रवाशाच्या हाती लागलं होतं.

जळगावहून उडणाऱ्या एटीआर ७२ कडे पाहिलं तर हिशेब आणखी कलतो. प्रवासी मागच्या दाराने चढतात. कॉकपिट आणि प्रवाशांच्या मध्ये पुढचा सामानकक्ष आहे, म्हणजे कॉकपिटपर्यंत पोहोचायला एक खोली जास्त. सत्तर आसनांमुळे दाराचा नियम तिलाही लागू. शौचालय शेपटीकडे असल्यामुळे वैमानिकाला जायचं झालं तर अख्खी केबिन ओलांडावी लागते, ही तिची कमकुवत बाजू. पण तासाभराच्या उड्डाणात ती वेळ क्वचितच येते. दोन रक्षक बसवले तर सत्तरांतल्या दोन खुर्च्या गेल्या, जवळपास तीन टक्के. उडान योजनेतल्या तुटपुंज्या नफ्यावर चालणाऱ्या मार्गाला हे परवडणारं नाही, आणि माझ्या मते गरजेचंही नाही. ज्या मार्गावर नेमकी खबर आहे, ज्या विमानतळाची तपासणी ढिली आहे, तिथल्या मोठ्या आणि लांब पल्ल्याच्या विमानांत ते बसावेत.

बाकी सगळी भिस्त तपासणीच्या पट्ट्यावर. आयसी ८१४ वर शस्त्रं काठमांडूतच चढली होती. विमान अमृतसरला उभं असताना काय चुकलं याची चर्चा लोक अजून करतात, पण बाजी आधीच हरलेली होती. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या कनिष्क विमानात फुटलेला बॉम्ब तर बॅगेत होता. ३२९ माणसं गेली. तिथे केबिनमधला कुठलाच नेमबाज काही करू शकला नसता.

पट्ट्यावरचं यंत्र दोन वेगवेगळ्या शक्तीचे क्ष-किरण सोडून वस्तू कशाची बनली आहे याचा अंदाज घेतं आणि पडद्यावर रंग भरतं. धातू निळा, सेंद्रिय पदार्थ नारिंगी, मधलं काही हिरवं. अडचण अशी की केळीचे वेफर्स, मेण, लाडू आणि प्लास्टिक स्फोटकं सगळी नारिंगीच दिसतात. म्हणून जवान आकार आणि घट्टपणा पाहतो. स्टीलचा डबा तर पडद्यावर काळानिळा ठोकळा दिसतो, आत काय ते कळत नाही, आणि तुमची पिशवी बाजूला जाते. डबा आधीच काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवला तर दोन्हीकडचा वेळ वाचतो.

नंदुरबारची मिरची कुटून मुलाकडे न्यायची असेल तर ती खाली जाणाऱ्या सामानात टाका. हाती सामानात पूड अडवतात, ती मसाला म्हणून नव्हे. तिच्यातलं कॅप्सायसिन हेच मिरचीच्या फवाऱ्यातलं द्रव्य आहे, आणि मूठभर पूड बंद केबिनमध्ये डोळ्यांत उधळली की दोन हवाई सेविका काही मिनिटं निकामी होतात. सुकं खोबरंही अडवतात, पण त्याचं कारण वेगळं. त्यातलं तेल हवेशी संयोग पावून आपोआप तापत जातं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. पॉवर बँक याच्या उलट. ती हाती सामानातच हवी, कारण पेटली तर केबिनमध्ये कुणी तरी पाहील, मालकक्षात कोण पाहणार?

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय विमानांना शेकडो खोट्या बॉम्ब धमक्या आल्या. तेव्हाही काम बंदुकीने झालं नाही. धमकी आली की विमानतळावरची समिती ती नेमकी आहे की मोघम, हे ठरवते. विमानाचा क्रमांक, वेळ, ठिकाण सांगितलं आहे का, ते पाहते, आणि त्यावर विमान बाजूला घ्यायचं की पुढे जाऊ द्यायचं, हे ठरतं.

एखाद्या मोठ्या विमानात वैमानिक बाहेर यायच्या आधी हवाई सेविका जेवणाची गाडी आडवी लावून वाट अडवते, ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ती गाडी दार उघडं राहण्याच्या काही सेकंदांसाठी असते. अमेरिकेने २०२३ मध्ये नव्या विमानांना तिच्या जागी पक्कं दुसरं फाटक बसवण्याचा नियम केला आहे. भारतात अजून गाडीवरच भागतं.