गेटजवळचा तो बॉटल पाम बहुतेक बॉटल पाम नाहीये

आमच्या वेंगुर्ल्याच्या घराच्या गेटला दोन्ही बाजूंनी बाबांनी १९९९ च्या पावसाळ्यात दोन पाम लावले होते. नर्सरीवाल्याने सांगितलं बॉटल पाम आहे, फार वाढत नाही, शोभेचा आहे, आणि रोपाचं बूड खरंच बाटलीसारखं फुगलेलं होतं त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं. वीस वर्षांत ते दोन्ही विजेच्या तारा ओलांडून पार घराच्या वर गेले आणि मग साधारण महिन्याला एक याप्रमाणे वरून अख्खं पान, देठासकट, माणसापेक्षा लांब, धाडकन खाली यायला लागलं. एकदा शेजारच्या काकांच्या स्कूटरचा आरसा गेला, नशीब की तिथे कोणी उभं नव्हतं. शेवटी दोन्ही तोडावे लागले. आई त्या दिवशी मागच्या पडवीतच बसून राहिली, पुढे आलीच नाही.

ते बॉटल पाम नव्हतेच, रॉयल पाम होते. मूळचा क्युबा, फ्लोरिडा त्या बाजूचा, २० मीटर सहज जातो, त्याहून उंचही. लहानपणी त्याचं बूड फुगतं म्हणून आपल्याकडे सर्रास त्याला बॉटल पाम म्हणतात, सोसायट्यांच्या एन्ट्रन्सला, मंगल कार्यालयांच्या बाहेर सिमेंटच्या खांबासारखे गुळगुळीत पांढुरके जे उभे असतात ना, ते हेच. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या एका चिमुकल्या बेटावरचा, अगदी सावकाश वाढतो, वर चार ते आठच पानं असतात, ती जाडजूड आणि कमानीसारखी वळलेली. रॉयलच्या डोक्यावर पंधरा-एक पानांचा भरगच्च झुपका असतो. रोप घेताना एवढं जरी बघितलं असतं तरी चाललं असतं, पण माहीत कुणाला होतं.

नावांचा घोळ इथेच संपत नाही. हॉलमध्ये कुंडीत असतो तो पिवळट देठांचा, बांबूसारखे पेर असलेला अरेका पाम, तो मादागास्करचा आहे, आणि शास्त्रीय भाषेत ज्याला अरेका म्हणतात ती तर आपली पोफळ, सुपारीची. म्हणजे नाव पोफळीचं आणि झाड भलतंच. सायकसला लोक सागो पाम म्हणतात पण तो पामच नाही, त्याला फूल येत नाही, शंकू येतो, पाईन वगैरेंच्या बाजूचा फार जुना वंश आहे तो, आणि घरात कुत्रा असेल तर हे नक्की लक्षात ठेवा की सायकसच्या बिया कुत्र्यासाठी जीवघेण्या विषारी असतात. रिसॉर्टच्या दारात उघडलेल्या पंख्यासारखा उभा असतो तो ट्रॅव्हलर्स पाम, तोही पाम नाही, बर्ड ऑफ पॅरडाईजचा नातेवाईक. पाम कुळात जवळपास २,६०० जाती आहेत त्यामुळे सगळ्या ओळखता येणं शक्यच नाही, पण आपल्या बागांमध्ये येतात त्या पंधरा-वीस ओळखायला फार काही लागत नाही, दोन गोष्टी बघायला शिकलात की अर्ध्याहून जास्त काम होतं.

पहिली गोष्ट विरी. कोकणात वाढलेल्यांना सांगायला नको, पोफळीचं पान गळतं तेव्हा त्याच्या बुडाची ती रुंद चामड्यासारखी विरी आपण लहानपणी गाडी करून ओढलीये, एक जण बसायचा आणि दुसरा ओढायचा. ही विरी म्हणजे पानाच्या देठाचं बूड, झाडावर असताना ते खोडाला पूर्ण गुंडाळून असतं आणि अशा सगळ्या विऱ्या एकात एक बसून खोडाच्या वरच्या टोकाला एक गुळगुळीत हिरवा खांब तयार होतो. पोफळ, रॉयल, खरा बॉटल, कुंडीतला अरेका, फॉक्सटेल या सगळ्यांना हा हिरवा खांब असतो. माडाला नसतो, त्याच्या पानाच्या बुडाशी तपकिरी गोणपाटासारखी जाळी असते. ताडाला, शिंदीला पण नसतो. म्हणजे लांबून मान वर करून बघितलं तरी पहिली वाटणी होऊन जाते.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. पान हातात घ्या, वरची बाजू वर ठेवा, आणि एखादी पाती मधल्या दांड्याला जिथे चिकटते तिथे नीट बघा. पाती तिथे घडी घातलेली असते. ही घडी एकतर पन्हळीसारखी असते, म्हणजे त्यात पाणी ओतलं तर साचेल, नाहीतर कौलारू छपरासारखी, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जाईल. माड, पोफळ, रॉयल, फॉक्सटेल, कुंडीतला अरेका हे सगळे छपरवाले. शिंदी, खजूर, भेरली माड आणि पंख्याच्या पानांचे ताड, चायनीज फॅन पाम, रॅफिस हे पन्हळवाले. बोटभर तुकडा मिळाला तरी हे कळतं. पिसासारखं पान आहे, घडी पन्हळीची आहे आणि बुडाकडच्या पात्या काटे होऊन बसल्यात, एवढं दिसलं तर डोळे झाकून सांगा की शिंदी-खजुराच्या घराण्यातला आहे. पानं एकदा फाटून पुन्हा फाटलेली आणि टोकं माशाच्या शेपटीसारखी कुरतडलेली असतील तर भेरली माड किंवा त्याचा बुटका, बेटाने (एका बुडातून अनेक खोडं) वाढणारा भाऊ, ज्याला नर्सरीत फिशटेल म्हणतात. असं दोनदा विभागलेलं पान सगळ्या पाम कुळात फक्त याच एका गणात आहे. आणि पात्या दांड्याच्या चहूबाजूंनी निघून बाटली धुवायच्या ब्रशसारख्या दिसत असतील तर फॉक्सटेल. गंमत म्हणजे आज प्रत्येक लँडस्केपवाल्याकडे मिळणाऱ्या या पामला शास्त्रीय नावच मुळी १९८३ ला मिळालं, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या केप मेलव्हिल भागात तेवढ्या एका ठिकाणीच तो जंगली सापडतो.

आता ओळखायचं कशाला एवढं? कारण पाम लावताना जी चूक होते ती नंतर सुधारता येत नाही, आणि हे त्याच्या शरीराच्या रचनेमुळे आहे. आंब्याला सालीच्या आत कॅम्बियम नावाचा जिवंत थर असतो, तो दरवर्षी नवीन लाकूड घालतो, खोड जाड होतं, वर्तुळं पडतात, जखम झाली तर कडेने नवीन साल येऊन भरते. पाम हा गवत, मका, बांबू, केळीच्या बाजूचा, एकदल, त्याला हा थरच नाही. वाढणारी जागा एकच, शेंड्याच्या आत खोलवर असलेला गाभा. तो मेला की ते खोड गेलं, बाजूने फांदी फुटून झाड पुन्हा उभं राहील असं होत नाही. (अरेका, रॅफिस, बुटका फिशटेल हे बेटाने वाढतात त्यामुळे तिथे एक खोड गेलं तरी बाकीची राहतात.) तरीसुद्धा कोलंबियातला वॅक्स पाम याच रचनेवर ६० मीटरपर्यंत जातो, मला हे अजून अचंबित करतं.

मग खोड जाड होतं कधी? तर आधीच. रोप पहिली काही वर्षं जमिनीलगतच राहतं, वर काहीच होत नाहीये असं वाटतं, लोक कंटाळून म्हणतात वाढतच नाही, पण त्या काळात शेंडा आतून रुंद होत असतो, आणि पूर्ण रुंदी आली की मगच खोड वर निघतं. म्हणून बाणवली, म्हणजे आपल्या उंच जातीच्या माडाला फळं धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि म्हणूनच पहिल्या वर्षांत उपासमार झालेला पाम नंतर कितीही खत घातलं तरी बुडाशी बारीक तो बारीकच. वर जाताना मध्येच पाण्याचे, खताचे हाल झाले तर तेवढ्याच उंचीवर खोडाला गळा पडतो आणि तो कायमचा राहतो. आमच्या विहिरीजवळच्या माडाला असा एक गळा आहे. चांगला वाढलेला माड वर्षाला साधारण बारा-तेरा पानं टाकतो आणि प्रत्येक पानाचा एक व्रण खोडावर राहतो, म्हणून मी एकदा शिडी लावून गळ्यापासून वरचे व्रण मोजायला घेतले, शिडी पोचली तिथवर मोजले आणि पुढचे पाडेलीने नारळ पाडायला चढताना मोजून सांगितले, हिशोब आला त्या वर्षांपाशी जेव्हा आजोबा अंथरुणाला खिळले होते आणि आगराकडे बघायला कोणी नव्हतं.

त्याच माडाला आजोबांनी कपड्याच्या दोरीसाठी ठोकलेला एक मोठा खिळा आहे. आंब्यात ठोकला असता तर एव्हाना झाडाने गिळला असता. माडात तो अजून बाहेर तितकाच दिसतो जितका तेव्हा होता, भोवती काळपट ओल, आणि चढण्यासाठी पाडलेल्या खाचा तशाच उघड्या, कडा जराही जवळ आलेल्या नाहीत. जखम भरतच नाही. म्हणून लायटिंगच्या माळा, पाट्या, नंबरप्लेट पामला खिळ्याने ठोकू नका, बांधा. अशा भोकांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, अंडी घालतो आणि आतून अळ्या खोड पोखरून काढतात, बाहेर भगदाड दिसेपर्यंत बरेचदा वेळ गेलेली असते.

फांदी नाही, लाकडाची वर्तुळं नाहीत मग हे झाड म्हणायचं की नाही हा वाद नुसता पुस्तकी नाही बरं का. गोव्यात २०१६ मध्ये वृक्षसंरक्षण कायद्यातून माड वगळला गेला, म्हणजे तोडायला परवानगीची गरज नाही, लोकांनी जोरदार विरोध केला आणि २०१७ मध्ये तो परत घेतला, वर राज्यवृक्षाचा मान दिला. मला विचाराल तर ज्याच्या झापांखाली पिढ्या वाढल्या ते झाडच.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो छाटणी बघून. सोसायटीत दिवाळीच्या आधी माळी बोलावून सगळी खालची पानं काढून वर नुसती दोन-तीन उभी ठेवतात, स्वच्छ दिसतं म्हणून. पामला पोटॅश कमी पडलं की तो जुन्या पानांतलं पोटॅश काढून नव्या पानांना देतो, त्यामुळे खालचं पान पिवळं-नारिंगी ठिपक्यांचं होतं, टोकं वाळतात. ते पान त्याची शिल्लक आहे. ती तोडली की तो पुढच्या वरच्या पानातून काढायला लागतो, मग ते पिवळं, मग माळी ते पण काढतो, आणि झाड उपाशी मरायला लागतं. पूर्ण वाळलेलं पान काढा, पिवळं राहू द्या. साधा नियम म्हणजे घड्याळात नऊ आणि तीनच्या रेषेच्या वरचं एकही हिरवं पान कापायचं नाही. पोटॅश द्या, शेणखत द्या, चुलीची राख असेल तर आळ्यात टाका, कोकणातल्या बायका माडाच्या बुडात राख टाकायच्या ती उगाच नाही, राखेत पोटॅशच असतं. जुनी पानं कडेने पिवळी आणि मध्ये हिरवी दिसत असतील तर मात्र मॅग्नेशियम कमी आहे. नवीनच पान चुरगळलेलं, आखूड येत असेल तर बोरॉन किंवा मँगनीजकडे बघा, कारण ती द्रव्यं जुन्या पानातून नव्यात हलवता येत नाहीत.

नवीन पान उघडल्यावर दोन्ही बाजूंनी कात्रीने नक्षी कापल्यासारखं तिरकं कापलेलं दिसलं तर तो गेंड्या भुंगा. पान मिटलेलं असताना तो आरपार भोक पाडतो आणि उघडल्यावर कागदाच्या झिरमिळ्यांसारखी नक्षी दिसते. त्याची पैदास शेणखताच्या उकिरड्यात आणि कुजक्या ओंडक्यात होते, त्यामुळे खताचा ढीग पामच्या शेजारी ठेवू नका. वरच्या तीन पानांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड मिसळून घालतात, त्याने बराच फरक पडतो.

बी लावून बघायचं असेल तर ताजं बी घ्या, गर पूर्ण धुवा आणि पावसाळ्याच्या तोंडावर लावा. भेरली माडाच्या फळाला मात्र उघडा हात लावू नका, आतल्या सुईसारख्या स्फटिकांनी भयंकर खाज सुटते. हे झाड आयुष्यात एकदाच फुलावर येतं, वरच्या टोकापासून सुरुवात करून काही वर्षं खाली खाली फुलत येतं आणि मग मरतं, तेव्हा फुलायला लागल्यावर पाच-सात वर्षांनी दारात ओंडका पडून राहील याची तयारी ठेवूनच लावा. ताडगोळ्याचं बी पेरणार असाल तर जिथे झाड हवंय तिथेच पेरा. त्याचा कोंब आधी खाली हातभर जमिनीत शिरतो आणि मग वर पान काढतो, तिथून उपटून दुसरीकडे लावला तर क्वचितच जगतो. माडांमध्ये साडेसात मीटर अंतर ठेवा, परसात दोनच मावत असतील तर दोनच लावा. मुळांची भीती मात्र बाळगू नका, पामचं मूळ जेवढं जाड निघतं तेवढंच राहतं, पिंपळासारखं फुगून भिंत फोडत नाही.

गेटच्या त्या जागेवर आता तारेखाली मावेल असा खरा बॉटल पाम लावलाय. तीन नर्सऱ्या फिरलो, दोन ठिकाणी पुन्हा रॉयलच दाखवला. लावून चार वर्षं झाली, जेमतेम माझ्या कमरेपर्यंत आलाय, बाबा रोज सकाळी पाणी घालताना विचारतात वाढतोय ना रे. वाढतोय. चार पानं आहेत, पाचवं भाल्यासारखं मिटून वर आलंय आणि बुडाशी हात लावला की कळतं, गेल्या वर्षीपेक्षा घेर बोटभर जास्त आहे.