अंगणातला कुत्रा रात्री का भुंकतो, आणि त्याला इजा न करता तो शांत कसा होतो

आमच्याकडे येणारे बरेचसे फोन सकाळी सातच्या सुमारास येतात. रात्री दीड-दोन वाजता शेजाऱ्यांनी बेल वाजवलेली असते, सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार पडलेली असते, घरात कोणाचीच धड झोप झालेली नसते, आणि फोनवरचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : कुत्र्याचे भुंकणे बंद होईल असे काही यंत्र किंवा औषध तुमच्याकडे आहे का? असे यंत्र आम्ही विकत नाही आणि असे औषध आम्ही सुचवत नाही. त्याची कारणे, आणि त्याऐवजी आम्ही काय करतो, हे पहिली भेट ठरण्यापूर्वीच आपल्याला नीट ठाऊक असावे, यासाठी हे पत्रक काढले आहे. ठाण्यातील घोडबंदर रोड, कोलशेत, बाळकुम व येऊरचा पायथा आणि नवी मुंबईतील वाशी, नेरूळ, बेलापूर व खारघर येथील बंगले, रो हाउस आणि बैठी घरे डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे, कारण कुत्रा अंगणात किंवा मागच्या परसात ठेवलेला आम्हाला तेथेच अधिक आढळतो.

भुंकण्याची कारणे

कुत्र्याची झोप माणसासारखी सलग नसते. रात्री तो साधारणपणे पंधरा-सोळा मिनिटे झोपतो, पाचेक मिनिटे जागा होऊन कानोसा घेतो आणि पुन्हा झोपतो. हे चक्र पहाटेपर्यंत चालू राहते. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २० हजार हर्ट्‌झ असते, तर कुत्र्याला ४० हजारांच्या पलीकडचेही ऐकू येते, त्यामुळे गटारातील उंदरांचे जे आवाज आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत ते त्याला स्पष्ट ऐकू येतात. घूस, मांजर, पत्र्यावरून जाणारे उदमांजर, उशिरा येणारा डिलिव्हरीवाला, वॉचमनची शिट्टी आणि गल्लीतल्या कुत्र्यांची भांडणे यांपैकी काही ना काही प्रत्येक जागेपणी त्याच्या कानी पडते. घरात माणसांजवळ झोपलेला कुत्रा अशा वेळी मान वर करून आपल्याकडे पाहतो आणि सारे ठीक असल्याची खात्री पटली की पुन्हा डोके टेकतो. अंगणात एकट्या असलेल्या कुत्र्याला मात्र ती खात्री देणारे कोणी नसते.

शिवाय भुंकण्याला दर वेळी यश येते. रस्त्याने जाणारा माणूस आपल्या वाटेने पुढे निघून जाणारच असतो, पण आपण भुंकलो म्हणून तो गेला असे कुत्र्याला वाटते. त्यावर घरातले कोणी दार उघडून बाहेर आले, मग ते रागावण्यासाठी का होईना, तर एकटेपणही काही काळ संपते. ही सवय त्याला रोज रात्री नकळत आपणच शिकवत असतो, आणि म्हणून त्याला हट्टी किंवा वाईट कुत्रा म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

एक गोष्ट मात्र आधी तपासावी. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक रात्री भुंकू किंवा विव्हळू लागला, तर आमच्याआधी पशुवैद्यांना बोलवावे. सांधेदुखी, कानातील संसर्ग, पावसाळ्यात वाढणाऱ्या गोचिडी व त्वचेची खाज, वारंवार लघवीला लावणारे आजार, ही कारणे प्रशिक्षणाने जात नाहीत. दहा-अकरा वर्षांपुढच्या काही कुत्र्यांचा मेंदू थकल्यामुळे त्यांचे दिवस-रात्रीचे भान उलटेपालटे होते. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, ओळखीच्या अंगणात वाट चुकतात आणि घाबरून भुंकतात. अशा म्हाताऱ्या जिवाला उपचार, मंद दिवा आणि सोबत यांचीच गरज असते. घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कदापि देऊ नयेत. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांनी कुत्र्यांना गंभीर विषबाधा होते.

सात रात्रींची नोंद

आमच्या भेटीपूर्वी सात रात्रींची नोंद ठेवावी, अशी प्रत्येक ग्राहकाला आमची आग्रहाची विनंती असते. किती वाजता भुंकणे सुरू झाले, किती वेळ चालले, कुत्रा कोणत्या दिशेला तोंड करून होता, आणि ते कशाने थांबले, एवढे चार रकाने पुरतात; रात्री जागणे शक्य नसेल तर जुना मोबाइल खिडकीत ध्वनिमुद्रणाला लावून ठेवावा किंवा सीसीटीव्हीचे चित्रण पाहावे. ही नोंद कंटाळवाणी असली तरी आमचे निम्मे काम तीच करते. घोडबंदर रोडजवळच्या एका घरी चार महिने ‘कुत्रा रात्रभर भुंकतो’ अशी तक्रार होती. नोंदीत असे दिसले की तो बारा, दोन आणि चार वाजता, दर वेळी दहा-बारा मिनिटे भुंकत होता, आणि त्या बरोबर वॉचमनच्या फेरीच्या वेळा होत्या. वॉचमनदादांनी त्या गेटापुढे शिट्टी वाजवणे आणि काठी आपटणे बंद केले व तीन आठवडे दिवसा त्यांच्याच हातून कुत्र्याला खाऊ मिळू लागला, तेव्हा दोन फेऱ्यांच्या वेळची शांतता आपोआप आली. पहाटे चारच्या फेरीसाठी मात्र आणखी महिनाभर सराव लागला.

रात्रीची जागा

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त फरक पाडणारा उपाय सर्वांत साधा आहे : रात्री दहानंतर कुत्र्याला घरात घ्यावे. बैठकीचा कोपरा, स्वयंपाकघराबाहेरची जागा किंवा बंद पडवी, कोठेही चालते; भिंतींमुळे आवाज कमी होतात, रस्ता दिसेनासा होतो आणि माणसांचा वास जवळ असतो. ‘तो राखणीसाठी आहे’ असे अनेक जण सांगतात, पण घरातला कुत्राही दाराशी आलेल्या परक्या माणसाची वर्दी देतोच, आणि त्याचे भुंकणे विरळ झाल्यामुळे त्या वर्दीकडे घरातले लक्षही देतात.

येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी हा सल्ला नाही, ती अट आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने वावरणाऱ्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा मोठा वाटा असतो, आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळूनही जीव वाचवता येत नाही. त्या भागात रात्रीचे भुंकणे खरोखरीचा इशारा असू शकतो, म्हणून तेथे आम्ही कुत्र्याला गप्प राहायला शिकवत नाही, बंद दाराआड झोपवायला सांगतो. अंधारात स्वतः बाहेर न जाता खिडकीतून पाहावे, बाहेरचे दिवे लावावेत आणि बिबट्या दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

घरात घेणे कोणत्याही कारणाने शक्यच नसेल, तर घरकुल गेटापासून दूर, आपल्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली हलवावे, गेटाच्या जाळीला शेडनेट किंवा बांबूचे तट्टे लावून रस्ता दिसेनासा करावा, आणि पावसाळ्यात अंथरूण जमिनीपासून वीतभर उंच, कोरडे राहील असे पाहावे. उरलेले अन्न आणि कचऱ्याची बादली रात्री उघडी ठेवू नये, म्हणजे घुशी येणार नाहीत. मात्र घुशींसाठी विषारी वड्या अंगणात टाकू नयेत, कारण त्या आपल्याच कुत्र्याच्या पोटात जातात. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये, जेथे चार्ल्स कोरिया यांनी काही घरे मिळून एक सामाईक अंगण अशी रचना केली, तेथे एका कुत्र्याचा आवाज प्रत्येक उंबऱ्यापर्यंत जातो. तेथील ग्राहकांनी उपाय सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्यांना भेटून योजना आणि साधारण मुदत सांगावी. काय चालले आहे हे ठाऊक असलेला शेजारी बराच धीर धरतो.

दिवसाची बाजू आम्ही थोडक्यात सांगतो. सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि संध्याकाळी, मिळून किमान तासभर फिरवावे व हुंगू द्यावे. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि शेवटची लघवीची फेरी साडेदहाला व्हावी. जेवणातला थोडा भाग अंगणात लपवून त्याला शोधू द्यावा. नाकाचे काम केलेला कुत्रा नुसत्या पळवलेल्या कुत्र्यापेक्षा गाढ झोपतो.

‘पुरे’ हा शब्द

कुत्रा दोनदा-तीनदा भुंकला की शांत स्वरात ‘पुरे’ म्हणावे, नाकाजवळ खाऊ धरावा, तो हुंगण्यासाठी थांबला की दोन सेकंदांनी द्यावा, आणि ही शांततेची मुदत पाच, दहा, तीस सेकंद अशी वाढवत न्यावी. हा सराव दिवसा, बेल किंवा शिट्टीचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून करावा. ओरडून सांगितले तर मालकही आपल्याबरोबर भुंकत आहेत, असाच त्याचा समज होतो. आतापर्यंत भुंकल्यावर मिळणारे लक्ष बंद केले की पहिले काही दिवस भुंकणे वाढते. त्या दिवसांत घरातील एकानेही माघार घेतली तर आणखी जोरात भुंकावे हाच धडा मिळतो, म्हणून आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सर्वांचे आधी एकमत व्हावे. हे भीतीने भुंकणाऱ्या कुत्र्याला किंवा नुकत्याच आणलेल्या पिल्लाला लागू नाही; त्यांना एकटे रडत ठेवू नये, जवळ घ्यावे.

आम्ही जे करणार नाही

शॉक देणारा किंवा फवारा मारणारा पट्टा, तोंड आवळणारी पट्टी, स्वरतंतूंची शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय गुंगीची औषधे, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी आम्ही वापरत नाही. कुत्रा तोंड उघडे ठेवून धापा टाकत अंगातली उष्णता बाहेर टाकतो; ठाण्याच्या दमट हवेत त्याचे तोंड रात्रभर बांधणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. भीतीने भुंकणाऱ्या कुत्र्याला गळ्याशी झटका बसला तर भीती दुप्पट होते आणि पुढे ती चाव्याच्या रूपाने बाहेर येते. प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या कलम ११ नुसार कुत्र्याला अवास्तव वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत.

शेजाऱ्यांची बाजूही आम्ही तितक्याच गांभीर्याने घेतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मोठ्या कुत्र्याचे जवळून ऐकलेले भुंकणे सहज ८० डेसिबलच्या पुढे जाते. तान्हे बाळ, आजारी माणूस किंवा पहाटेची लोकल गाठणारा नोकरदार पलीकडच्या भिंतीआड असतो, हे आपण विसरू नये.

आमची भेट

पहिली भेट रात्री साडेनऊ ते साडेअकरा या वेळेत, आपल्याच घरी होते. कुत्र्याला आमच्याकडे ठेवून घेऊन ‘सुधारून’ परत देण्याची सोय आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही, कारण भुंकण्याचे कारण आपल्या अंगणात, गेटाशी आणि घरच्यांच्या सवयींत असते. साध्या प्रकरणांत तीन ते सहा आठवडे लागतात, भीतीच्या प्रकरणांत अधिक. नेमकी मुदत नोंद पाहिल्याशिवाय आम्ही सांगत नाही. भेटीच्या दिवशी कुत्र्याचा दिनक्रम बदलू नये, लसीकरणाचे पुस्तक व सात रात्रींची नोंद हाताशी ठेवावी, कुत्र्याच्या आवडीचा खाऊ लहान तुकडे करून वाटीत काढून ठेवावा, आणि रोज रात्री दार उघडून बाहेर जी व्यक्ती जाते, तिने त्या वेळी घरी असावे.