न पिणाऱ्या उंदराचं नाक

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला : ‘अमेरिकेतला कांगारू उंदीर जन्मभर पाणी पीत नाही, सगळं पोटात साठवून ठेवतो.’ पहिला भाग जवळपास खरा, दुसरा साफ खोटा. पाठोपाठ काकांचा मेसेज : ‘म्हणजे ते निर्जळी बाबा खरं बोलतात तर!’ नाही हो काका. उंदीर निदान दाणे खातो.

त्याचं पाणी दाण्यातूनच येतं. 100 ग्रॅम पिष्ट शरीरात ‘जळलं’ की सुमारे 55 ग्रॅम पाणी तयार होतं. आपल्या भाकरीचंही होतं, पण आपण ते घामात, लघवीत आणि श्वासात घालवून बसतो. उंदराला घाम येत नाही, लघवी आपल्यापेक्षा जवळपास चौपट दाट. राहिला श्वास. तो कसा चुकवणार? दाणा जाळायला ऑक्सिजन हवाच.

इथं नाक कामाला येतं. चष्म्याच्या काचेवर ‘हाऽ’ केलं की थेंब जमतात ना, अगदी तेच. आत येणारी कोरडी हवा नाकाच्या अरुंद, ओलसर वाटांवरून जाताना तिथलं पाणी वाफ करून उचलते. त्यामुळे त्या भिंती गार पडतात, कधी बाहेरच्या हवेहूनही गार. फुप्फुसातून परतणारी हवा गरम नि वाफेनं भरलेली. ती या गार भिंतींना लागली की वाफेचं पुन्हा पाणी. 37 अंशांची हवा घनमीटरमागे 44 ग्रॅम वाफ धरते, 15 अंशांची जेमतेम 13. मधला फरक नाकातच राहतो. नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञानं कांगारू उंदरांवरच हा हिशोब मांडला.

यांच्यातला सगळ्यात मोठा, डिपोडोमिस इंजेन्स, फक्त कॅलिफोर्नियात सापडतो. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, मागचे पाय लांब, चाल उड्यांची. कणसं तोडून बिळाजवळच्या उथळ खड्ड्यांत वाळवतो, मग आत नेतो. हरिपूरची हळदीची पेवं पाहिलेल्यांना नवल वाटू नये.

सॅन वाकीन खोऱ्यात कालव्याचं पाणी आलं, माळ नांगरले गेले, उंदीर मारायचं विषही पसरलं. 1987 साली तो अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेला. राधानगरीच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या आपल्याला, पाणी आल्यानं कुणी बेघर होतं हे चटकन पटत नाही. कॅरिझोच्या कोरड्या माळावर तो अजून टिकून आहे. तिथला किट कोल्हा त्याच्यावर पोट भरतो, आणि बोथट नाकाचा लेपर्ड सरडा, तोही त्याच यादीतला, त्याच्या बिळात ऊन चुकवतो.