‘नाही’ हेसुद्धा सिद्ध करता येतं

वाद रंगला की हमखास ऐकू येतं: “एखादी गोष्ट नाही, हे कधीच सिद्ध करता येत नाही.” वाक्य पटतं, कारण त्यामागे एक खरी अडचण आहे.

आधी घरातला लाडवांचा डबा उघडा. लाडू असता तर दिसला असता, दिसत नाही, म्हणून नाही. झालं सिद्ध! भाट्ट मीमांसकांनी, म्हणजे मीमांसा या भारतीय दर्शनातल्या एका पंथाच्या विचारवंतांनी, अशा न दिसण्याला ‘अनुपलब्धी’ म्हटलं आणि ते स्वतंत्र प्रमाणच, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधनच मानलं.

जिथे शोध संपूच शकत नाही, तिथे काय? “सर्वांत मोठी मूळ संख्या नाही” हे घ्या. समजा, ती आहे. म्हणजे मूळ संख्यांची यादी कुठेतरी संपते. त्या सगळ्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवा. आता यादीतल्या कुठल्याही संख्येने भागलं तरी बाकी १ उरते. मग या नव्या संख्येचा मूळ विभाजक यादीबाहेरचा असणार, आणि यादी तर पूर्ण मानली होती. विसंगती आली, गृहीतक पडलं. ही सिद्धता सुमारे २३०० वर्षं जुनी आहे आणि मला अजूनही फार सुंदर वाटते.

शिवाय अभिजात तर्कशास्त्रात, म्हणजे विधान एकतर खरं नाहीतर खोटं मानणाऱ्या नेहमीच्या तर्कशास्त्रात, ‘आहे’ म्हणजेच ‘नाही असं नाही’. नकार सिद्धच होत नसेल, तर होकारही होणार नाही.

अडचण खरी आहे ती “जगात कुठेही पांढरा कावळा नाही” अशा विधानांत. पण “सगळे कावळे काळे असतात” हे होकारार्थी वाक्यही तितकंच अवघड! अडतं ते ‘सगळे’ आणि ‘कुठेही’पाशी. म्हणून दावा तपासताना दोन प्रश्न विचारा: शोधायची जागा किती? आणि ती गोष्ट असती, तर नक्की दिसली असती का?