‘टेक द ए ट्रेन’ ड्यूक एलिंग्टन यांची नव्हे

अमेरिकन जॅझ संगीतकार एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ओळख ठरलेली ही धून त्यांनीच रचली, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. ती त्यांचे सहकारी, पियानोवादक बिली स्ट्रेहॉर्न यांची, १९३९ची. एलिंग्टननी त्यांना न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या आपल्या घरी ‘ए’ या भुयारी रेल्वेने येण्याचा रस्ता सांगितला होता, त्यावरून ती सुचली.

गाजली मात्र वेगळ्याच कारणाने. १९४१मध्ये ‘अ‍ॅस्कॅप’ ही संगीतकारांची संस्था आणि रेडिओ केंद्रं यांचं शुल्कावरून बिनसलं. एलिंग्टन सभासद, त्यामुळे त्यांच्या रचना प्रसारणातून बाद झाल्या. स्ट्रेहॉर्न सभासद नव्हते. त्यांची धून वाजत राहिली आणि वाद्यवृंदप्रमुखाच्या नावावर चिकटली. ‘लश लाइफ’सारखं प्रगल्भ गाणं विशीच्या आत लिहायला घेणाऱ्या माणसावर हा अन्यायच. १९६७मध्ये स्ट्रेहॉर्न गेल्यावर एलिंग्टननी त्यांच्या रचनांचा अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला.