आईच्या दुधात उतरणारी रसायने

१९५१ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथील ३२ मातांच्या दुधाची तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ सर्व नमुन्यांत डीडीटी हे कीटकनाशक सापडले. सरासरी प्रमाण दहा लाख भागांत ०.१३ भाग एवढे होते. यांपैकी कोणाचाही फवारणीच्या कामाशी विशेष संबंध नव्हता. डीडीटीच्या कीटकनाशक गुणांच्या शोधासाठी पाउल म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती.

डीडीटी, बीएचसी हे दुसरे कीटकनाशक आणि विद्युत उपकरणांच्या तेलात वापरले जाणारे पीसीबी ही रसायने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, परंतु चरबीत सहज विरघळतात. त्यांच्या रेणूंतील कार्बन आणि क्लोरीन यांचा बंध इतका चिवट असतो की शरीराला तो सहजासहजी तोडता येत नाही. शरीरात डीडीटीचे डीडीई या तशाच चिवट रसायनात रूपांतर होते आणि मग ते वर्षानुवर्षे चरबीत पडून राहते. बाळंतपणानंतर दूध तयार होऊ लागले की त्यातील स्निग्धांशाचा मोठा भाग आईच्या साठवलेल्या चरबीतून येतो आणि त्या चरबीबरोबर तिच्यात मुरलेले रसायनही दुधात उतरते. म्हणूनच पहिल्या बाळाला हा वाटा सर्वांत जास्त मिळतो आणि पुढच्या प्रत्येक बाळाच्या वेळी तो कमी होत जातो.

ही रसायने अन्नसाखळीत वर चढताना दाट होत जातात. १९८० च्या दशकात कॅनडातील संशोधक एरिक देवाई यांनी दक्षिण क्वेबेकमधील मातांच्या दुधाशी तुलना करण्यासाठी उत्तरेकडच्या नुनाविकमधील इनुइट या आर्क्टिक प्रदेशातील मूळ रहिवासी समाजाच्या मातांचे दूध तपासले. कारखान्यांपासून इतक्या दूर असलेले हे दूध स्वच्छ असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यात पीसीबीचे प्रमाण सुमारे पाचपट निघाले, कारण तेथील आहारात सील आणि बेलुगा देवमाशाची चरबी असते, आणि हे प्राणी त्या साखळीच्या अगदी वरच्या टोकाला आहेत. ज्यांनी ही रसायने बनवली नाहीत, वापरलीही नाहीत, त्यांच्या बाळांच्या वाट्याला ती सर्वाधिक यावीत, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

दुसऱ्या बाजूला स्वीडन आहे. स्टॉकहोमच्या मातृदुग्ध केंद्रात जमा होणाऱ्या दुधाचे नमुने तेथे जपून ठेवले गेले. कोइदू नोरेन आणि दाइवा मेइरोनिते यांनी १९७२ ते १९९७ या काळातील नमुने तपासले. शेतीतील डीडीटीवर १९७० च्या सुमारास निर्बंध आल्यानंतर दुधातील त्याचे प्रमाण साधारण दर चार वर्षांनी निम्मे होत गेले. पीसीबीला त्यासाठी सुमारे चौदा वर्षे लागली. मात्र त्याच बाटल्यांत फर्निचर आणि विद्युत उपकरणांना आग लागू नये म्हणून वापरलेली ब्रोमीनयुक्त रसायने दर पाच वर्षांनी दुप्पट होताना दिसली. नमुने राखून ठेवले नसते तर ही वाढ इतक्या मागे जाऊन मोजताच आली नसती. त्यांचा वापर कमी झाल्यावर तीही उतरू लागली. कोणत्याही आईने आहार बदलून हे घडवलेले नाही; वापर थांबला म्हणून दूध स्वच्छ होत गेले.

भारतात पंजाबमधील मातांच्या दुधात डीडीटी आणि बीएचसी ही दोन्ही मोठ्या प्रमाणात आढळली होती. शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला आणि बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. हिवतापाच्या डासांसाठी घरांच्या भिंतींवर होणारी डीडीटी फवारणी मात्र चालू राहिली. डीडीटी आपल्याकडे रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही तयार होत असे.

या तपासण्यांसाठी आईचे दूध निवडले जाते ते मुख्यतः सोयीसाठी: त्यात चरबी असते आणि नमुना घ्यायला सुई टोचावी लागत नाही. हीच रसायने वडिलांच्या चरबीतही असतात. मिशिगन सरोवरातील मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात बुद्ध्यंकातील घट गर्भावस्थेत मिळालेल्या पीसीबीशी जोडलेली आढळली, स्तनपानाशी नव्हे, जरी दुधातून गेलेले प्रमाण कितीतरी जास्त होते. म्हणून अशा बातम्या वाचून कोणीही बाळाला अंगावर पाजणे थांबवू नये. पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस कायम आहे. आईने स्वतः पाळण्यासारखी एक गोष्ट आहे. दूध पाजण्याच्या काळात झपाट्याने वजन उतरवणारा आहार टाळावा, कारण चरबी वेगाने झिजली की तिच्यातील साठाही मोकळा होतो.